जन्माची हजेरी

भोरजवळच्या उत्रोळीला डिसेंबर 1831 मध्ये उमाजी नाईक पकडले गेले आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. भोर-वेल्ह्याच्या पोरांना एवढे पाठ असते. मला त्याआधीच्या दोन गोष्टी अधिक बोलक्या वाटतात. उमाजी तुरुंगात लिहावाचायला शिकले; आणि पुढे याच सरकारने त्यांना माफी देऊन बंदोबस्ताच्या चाकरीत घेतले. म्हणजे माणूस आणि त्याचे कृत्य वेगळे काढता येते, हे कंपनी सरकारलाही कळत होते. गरज पडली की कळते!

चाळीस वर्षांनी तेवढेही उरले नाही. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा कृत्य विचारत नव्हता, जन्म विचारत होता. किल्ल्यांची नि गावांची राखण करणाऱ्या रामोशाची राखण आधी गेली, मग तोच चोर ठरला. ज्या जमातींवर शिक्का बसला त्यांच्या नशिबी हजेरी आली, परवाना आला. परवान्यावाचून गाव सोडणे हाच गुन्हा झाला. 1897 च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून सुधारगृहात घालण्याची मुभा दिली. चार वर्षांच्या पोराने कोणता दरोडा घातला होता?

मुंबई प्रांताने हा कायदा 1949 मध्ये मोडला, देशाने 31 ऑगस्ट 1952 रोजी. रामोशी ‘विमुक्त’ झाले. पण 1959 साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि त्याच वर्षी फर्लो-पॅरोलचे नियमही. त्या नियमांत जातीचे नाव नाही. फर्लोतून दरोड्याचे कैदी मात्र वगळले. बाकीच्यांना जामीनदार हवा आणि पोलिसांचा अनुकूल अहवाल हवा. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याला जामीन कोण राहणार? आणि अहवाल लिहिणारा हात कोणत्या वहीतून शिकला? तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढा, असे सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 रोजी सांगावे लागले, यातच उत्तर आहे.

मुलांचेही तसेच. 2015 च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट उघडली. दिल्लीच्या अत्याचाराने पेटलेला संताप खराच होता. पण कोणत्या वस्तीतली पोरे आधी उचलली जातात, हे त्या संतापाने विचारले नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 2016 साली हाच प्रश्न मतपेटीत गेला. हिंसेचा गुन्हा नसलेल्या कैद्यांचा पॅरोलसाठी लवकर विचार व्हावा, आणि मुलाला प्रौढांच्या न्यायालयात पाठवायचे की नाही हे सरकारी वकिलाने नव्हे, न्यायाधीशाने ठरवावे, असा कौल लोकांनी दिला. मला हेवा वाटला. पण त्या मतदानात पॅरोलवरच्या माणसाला मत नव्हते. ते त्याला 2020 साली मिळाले.

आपल्याकडे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तुरुंगातल्या माणसाला मत नाही. खटला अजून सुरू न झालेल्या कच्च्या कैद्यालाही नाही.