वळसंगला उतरणारे, दाराशी या!

सोलापूरच्या स्टँडवरून अक्कलकोटची गाडी धरा. गुरुवार सोडून कुठलाही दिवस चालेल. गुरुवारी स्वामी समर्थांच्या भक्तांची झुंबड असते, खिडकी मिळणार नाही. आणि आपल्याला खिडकी लागणारच, कारण ही गाडी जसजशी पुढे जाईल तसतसं बाहेरचं सगळं मागे जाणार आहे. शहर सरतं, कुंभारी येतं, रस्त्याकडेला घरांच्या न संपणाऱ्या रांगा दिसतात. त्यांच्याकडे परतताना बघू. त्या विरून जातात, तिथं ज्वारीचं रान उभं राहतं. चौपदरी रस्ता दुपदरी होतो, मग एकेरी. डांबर जाऊन खडी येते, खडी जाऊन फुफाटा. शेवटी गाडीच थांबते. महाराष्ट्रातली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे–नगर धावली. त्याच्याही मागे जायचं म्हणजे पायउतार होणं आलं.

चला. साल १९३७ आहे. चपला हातात घेऊ नका, जमीन तापलेली आहे.

वळसंग सोलापूर आणि अक्कलकोट यांच्या साधारण मध्यावर. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. माळवदावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी तो नव्यानं चोपावा लागतो, नाहीतर घर गळतं. कानावर पडतं ते कन्नड, पण तुम्ही परके दिसताच समोरचा मराठीवर येतो. या पट्ट्यात घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी, याचं कुणाला काही वाटत नाही. वीज नाही. रात्री चिमणी किंवा कंदील. दळण जात्यावर. गावाबाहेर पाठवायचं पत्र, कोर्टाची तारीख, कापड, लग्नाचा बस्ता, सगळं सोलापूरला. तिथं गिरण्यांचे भोंगे वाजतात, आणि तिथल्या नळांना एकरूख तलावाचं पाणी गेल्या शतकापासून येतंय. इथं मात्र आड किंवा विहीर, पोहरा आणि दोर.

तुम्हाला तहान लागली असेल. विहिरीवर जा. तिथं कुणीतरी आपुलकीनं विचारेल, "कुठलं गाव पाव्हणं? कुणाचं म्हणायचं तुम्ही?"

प्रश्न साधा वाटतो, पण पाण्याची सगळी व्यवस्था त्यात आहे. एखाद्या वाड्याचं नाव सांगितलंत तर पोहरा तुमच्यासाठी आत सुटेल, बरोबर गुळाचा खडाही येईल. महारवाड्याचं नाव सांगितलंत तर दोन पावलं मागे सरायचं. काठापासून लांब घागर ठेवून उभं राहायचं. पाणी शेंदणाऱ्या बाईला दया आली, वेळ झाला, तर ती वरून ओतेल. ओंजळ नीट धरा, सांडलेलं परत मिळत नाही. आता तुम्हीच ठरवा कुठलं नाव सांगायचं. त्या काळात ते ठरवायची मुभा कुणाला नव्हती, म्हणून जरा दुसऱ्या रांगेत उभे राहून बघा. किती वेळ गेला? उन्हाची तिरीप घागरीच्या या कडेवरून त्या कडेवर गेली.

कागदावर हे कधीच संपलेलं आहे, ही यातली गंमत. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ सालीच मंजूर झाला होता: सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी तो ठराव ओंजळीत उतरवला, तर तळं शुद्ध करून घेण्याचा उद्योग झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. दहा वर्षं तारखांत गेली. मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ ला. म्हणजे तुम्ही घागर घेऊन उभे आहात त्याच वर्षी.

पण कोर्टात जिंकलेलं तळं महाडला. वळसंगच्या बाईनं पाणी कुठून आणायचं?

इथल्या माणसांनी काढलेलं उत्तर मला कोर्टाच्या निकालापेक्षा जास्त पटतं. त्यांनी स्वतःची विहीर पाडली. ते कसं असतं ते बघायचंय? धरा ही पहार. वरची काळी माती भराभर निघते, तेवढ्यावर खूश होऊ नका. खाली मुरूम लागतो, टिकाव हातात झणझणतो. मुरमाखाली खडक. घमेलं भरून वर द्यायचं, रिकामं परत घ्यायचं. हे दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आल्यावर. कुणी मजुरी देणार नाही, आणि खाली पाणी लागेलच याची हमी ना बोले यांच्या ठरावात आहे ना हायकोर्टाच्या निकालात.

पाणी लागलं. १९३७ मध्ये बाबासाहेब वळसंगला येतात, विहीर त्यांच्या हस्ते खुली होते आणि ते तिचं पाणी पितात. त्याच फेब्रुवारीत ते निवडून येऊन मुंबई विधानसभेत गेलेत. पण गर्दीत तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीला विधानसभेशी कर्तव्य नाही. ती काठाचे दगड बघतेय. उद्यापासून इथं उभं राहून कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, एवढं तिला कळलंय. ती विहीर गावात आजही आहे. गावांच्या सोयींच्या याद्या निघतात त्यात शाळा, दवाखाना, बँक, बगीचा असतं. वळसंगची यादी कुणी केलीच तर पहिलं नाव या विहिरीचं हवं.

पुढची वर्षं पटापट ओलांडू. १९४८: निजामाची हद्द हाकेवर, रझाकारांच्या बातम्यांनी सोलापूरच्या पूर्वेची गावं रात्र रात्र जागी. याच काळात संस्थानं विलीन झाली, अक्कलकोटच्या भोसल्यांचंही त्यात आलं.

१९७२ ला मात्र उतरावंच लागेल. आड कोरडे, जनावरं बाजारात कवडीमोल. तुमच्या हातात आता हातोडी आहे. दुष्काळी कामावर खडी फोडायची, ढीग मोजून घ्यायचा, मस्टरवर अंगठा उठवायचा. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळतो. त्याची भाकरी थापायला गेलात तर ती हातातच फुटते. मालदांडी ज्वारीच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीवर वाढलेल्या माणसाला तो लाल गोळा गिळणं म्हणजे शिक्षा. दुपारी सुकडी. रांगेत पाटलाची सून आणि महारवाड्यातली पोर एकामागे एक उभ्या आहेत, आणि आज कुणी कुणाला "कुणाचं?" म्हणून विचारत नाही. दुष्काळानं समता आणली असं म्हणायचा मोह होतो. पाऊस पडल्यावर ती किती टिकली, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आज ज्या रस्त्यांवरून आपण गाडी पळवतो त्यातल्या कितीकांच्या पोटात त्या वर्षी हातानं फोडलेली खडी आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी. भांडी वाजतात, खाट सरकते. तुम्ही रस्त्यावर धावता. भूकंपानं किल्लारीला काय झालं ते सकाळी कळतं: वर्षानुवर्षं मातीचे थर चढलेली माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. त्यानंतर आपल्या माळवदाखाली निजताना आढ्याकडे बघायची सवय या भागाला लागली. तोपर्यंत श्रीमंतीचं लक्षण असलेला स्लॅब आता गरज झाला.

परतीची गाडी आली, बसा. डावी-उजवीकडे आता सोयी दिसायला लागतात. वळसंगला पोलीस ठाणं आहे, सहकारी सूत गिरणी आहे. गावाला शहराचं वारं लागलंय, पण खरं उपनगर पुढे कुंभारीला भेटतं. मुंबईची उपनगरं रेल्वेनं वसवली. सोलापूरचं हे उपनगर विडी वळणाऱ्या बायकांच्या युनियननं वसवलं, आणि अशी गोष्ट मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही. युनियनचे नेते आडम मास्तर यांच्या मागे मोर्चे काढून काढून २००६ मध्ये गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरं मिळाली. मग रे नगर, तीस हजार घरांचं. त्यातल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. एका घरात डोकावा. मांडीवर सूप, सुपात तेंदूपानं आणि तंबाखू, बोटं दोरा गुंडाळतायत, तोंडानं तेलुगूत गप्पा चालू. दिवसाला हजार विड्या वळायच्या, ब्रँचवर नेऊन द्यायच्या, छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की पैसे कापले जातात. घर पक्कं झालं, पण काम, बाजार, नातलग शहरात. त्यामुळे जागेचं भाडं वाचलं तरी रिक्षाचं भाडं सुरू झालं.

गाडी शहरात शिरते. पुढच्या सीटवरच्या बाईंचा फोन वाजतो: घरी नळ आलाय. उजनी धरण भरलं तरी सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि आलं की घरात कुणीतरी लागतंच, पिंपं भरायला.

"मास्तर, गाडी जरा दामटा की वो," त्या उठून उभ्या राहतात.

"बसा ताई," कंडक्टर सुटे पैसे मोजत म्हणतो, "आमच्याकडं आज तिसरा दिवस हाय."