पैनगंगेच्या वाट्याचे कागद

१९०१ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली. आदल्या दहा वर्षांच्या मानाने ती सुमारे ११ टक्क्यांनी घटली होती आणि घटीचे कारण म्हणून तत्कालीन नोंद दुष्काळाकडे बोट दाखवते. यातले मृत्यू किती आणि गाव सोडून गेलेले किती, हे नुसत्या बेरजेवरून ठरवता येत नाही. पुढे १९०५ मध्ये तो जिल्हाच मोडून अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत वाटला गेला.

त्या काळचा नकाशा शेजारी ठेवला की दुसरी गोष्ट दिसते. निजामाशी झालेल्या १८५३ च्या तहाने वाशीमसह वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि पुढे त्याची दक्षिण हद्द बहुतांशी पैनगंगा ठरली. पलीकडे निजामाचा मुलूख. एकाच नदीच्या दोन काठांवर दोन महसूल खाती आणि दुष्काळी कामांचे दोन कारभार होते. टंचाईच्या काळात दोन्ही काठांनी मिळून पाण्याचा विचार केला असण्याचा संभव त्यामुळे मला फार थोडा वाटतो. अर्थात हे अनुमान आहे. हद्द मात्र खात्रीची आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा आणि विदर्भ एका राज्यात आले, तरी नदीवरची रेघ पुसली गेली नाही. वाशीम पुन्हा जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी, हिंगोली १ मे १९९९ रोजी. आज या दोन जिल्ह्यांची हद्द काही अंतर पैनगंगेतूनच जाते.

पाण्याच्या वाटणीचा पक्का कागद राज्याराज्यांमधला आहे. एप्रिल १९६९ मध्ये गोदावरी जलविवाद लवाद नेमला गेला. त्याच्या निवाड्यात गोदावरी खोऱ्याचे बारा भाग धरलेले आहेत. पैनगंगेचा भाग ‘जी-७’. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात झालेल्या करारात निम्न पैनगंगा हा संयुक्त प्रकल्प म्हणून मान्य झाला. या प्रकल्पाच्या पाण्याचे प्रमाण ८८ टक्के महाराष्ट्राचे आणि १२ टक्के पलीकडच्या राज्याचे. लवादाचा अंतिम निवाडा १९८० चा. राज्याच्या सीमेवर वाटा टक्क्यापर्यंत नेमका आहे. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडच्या शेतकऱ्याला मात्र या कागदातून आपला हक्क शोधता येत नाही, कारण तिथे पक्षकार राज्ये आहेत, जिल्हे नव्हेत.

मग राज्याच्या आतले कागद पाहू. पैनगंगेवरचे मोठे धरण इसापूर, उपयुक्त साठा ९६४ दशलक्ष घनमीटर (दलघमी). धरण उभे आहे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात. त्याचा कारभार गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे. लाभ नांदेड, हिंगोली आणि यवतमाळला. धरणाच्या वरच्या अंगाला वाशीम जिल्ह्यात याच नदीवर अकरा बॅरेज झाले, ते विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडून. विदर्भाचे महामंडळ १९९७ च्या कायद्याचे, मराठवाड्याचे १९९८ च्या. वाशीमची बाजू अनुशेषाची आहे आणि ती खोटी नाही: अमरावती विभागातला सिंचनाचा अनुशेष सरकारी समित्यांनीच मोजून दिलेला आहे. खालच्यांची बाजूही तितकीच खरी, कारण अवर्षणात वर अडलेला प्रत्येक लोंढा इसापूरला कमी पोचतो.

या दोन बाजूंना जोडणारे एकच वाक्य मला सापडते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा, २००५, कलम १२(६)(क). त्याचा आशय असा: खोऱ्यात किंवा उपखोऱ्यात तुटीचा भार समन्यायाने वाटला जावा म्हणून ऑक्टोबरअखेर सर्व जलाशयांतल्या वापरयोग्य पाण्याची टक्केवारी, खरिपाचा वापर धरून, जवळपास सारखी राहील असे साठ्यांचे नियंत्रण करावे.

हे वाक्य सावकाश वाचावे लागते. ते घनमीटर वाटत नाही, टक्केवारी वाटते. आणि ‘खरिपाचा वापर धरून’ हे शब्द नसते, तर पावसाळ्यातच पाणी उचलून ऑक्टोबरात रिकामा साठा दाखवता आला असता.

हिशेबासाठी समजा, अकराही बॅरेजमध्ये मिळून ५० दलघमी पाणी आहे, ते पूर्ण भरले आहेत आणि इसापूर ४० टक्क्यांवर आहे. दोन्हीकडची टक्केवारी जुळवायला वरून सुमारे २९ दलघमी सोडावे लागेल. त्याने इसापूर ४० टक्क्यांवरून जेमतेम ४३ टक्क्यांवर जाईल, आणि कोरड्या पात्रात मुरणारे पाणी वजा केले तर त्याहूनही कमी. वरच्या गावांचे मात्र निम्म्याहून जास्त पाणी जाईल. आकडे कल्पित आहेत, पण लहान साठे वर आणि मोठे धरण खाली असले की हिशेबाचा रोख असाच राहतो.

वरच्या गोदावरीत हे कलम प्रत्यक्ष वापरले गेले. मेंढेगिरी अभ्यासगटाने २०१३ मध्ये जायकवाडी धरणाच्या वरच्या धरणांसाठी किती पाणी सोडायचे याचा तक्ता दिला, प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश काढला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६ रोजी समन्यायी वाटपाच्या बाजूने कौल दिला. तो तक्ता मोठ्या धरणांसाठी होता. पैनगंगेला तो जसाच्या तसा लावणे चूक ठरेल. कलमच न लावणे ही त्याहून मोठी चूक.

म्हणून दोन्ही महामंडळांनी आणि पाच जिल्ह्यांच्या (बुलढाणा, वाशीम, हिंगोली, यवतमाळ, नांदेड) जिल्हाधिकाऱ्यांनी दर ३१ ऑक्टोबरला उगमापासून इसापूरपर्यंतचा प्रत्येक साठा, खरिपात उचललेल्या पाण्यासह, एकाच तक्त्यात छापावा आणि तो दोन्ही काठांच्या ग्रामपंचायतींत लावावा.