आफ्रिकी व इटालियन वंशाचे अमेरिकन समाज : आर्थिक व सामाजिक तुलना

आफ्रिकी व इटालियन वंशाचे अमेरिकन समाज : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दोन मोठे वंशीय समाज. २०२० च्या जनगणनेनुसार स्वतःस पूर्णतः वा अंशतः कृष्णवर्णीय म्हणविणाऱ्यांची संख्या सु. ४ कोटी ६९ लाख, तर इटालियन वंशाची नोंद करणाऱ्यांची संख्या सु. १ कोटी ६८ लाख होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या दोन्ही समाजांतील लक्षावधी लोक ग्रामीण पार्श्वभूमी, अल्प शिक्षण व रिकामे हात यांसह उत्तरेकडील औद्योगिक शहरांत आले आणि कष्टाची, कमी वेतनाची कामे करू लागले. पुढील दोन-तीन पिढ्यांत इटालियन समाजाने शिक्षण, उत्पन्न व व्यवसाय या बाबतींत राष्ट्रीय सरासरी गाठली. कृष्णवर्णीय समाजाची प्रगती होऊनही सरासरीपासूनचे त्याचे अंतर कायम राहिले. ‘एका समाजास जे साधले, ते दुसऱ्यास का साधू नये?’ हा प्रश्न त्यातून वारंवार विचारला गेला. शिक्षण, गृहनिर्माण व रोजगार यांविषयीच्या शासकीय धोरणांचे समर्थन वा खंडन या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असल्याने ही तुलना केवळ अभ्यासकांपुरती मर्यादित राहिलेली नाही.

आगमनाची परिस्थिती : आफ्रिकी लोक अमेरिकेत स्वेच्छेने आलेले नाहीत. १६१९ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर सु. वीस आफ्रिकी बंदी उतरविण्यात आले. तेव्हापासून गुलामांची आयात कायद्याने बंद होईपर्यंत (१८०८) व त्यानंतरच्या चोरट्या व्यापारातून आजच्या संयुक्त संस्थानांच्या प्रदेशात सु. चार लाख आफ्रिकी थेट आणले गेले. नैसर्गिक वाढीमुळे १८६० मध्ये गुलामांची संख्या ३९ लाखांवर गेली. यादवी युद्धानंतर तेराव्या घटनादुरुस्तीने (१८६५) गुलामगिरी नष्ट झाली. परंतु मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही. जनरल शर्मन यांनी जानेवारी १८६५ मध्ये आग्नेय किनाऱ्यावरील जमिनी चाळीस एकरांच्या मर्यादेत मुक्त कुटुंबांना वाटण्याचा आदेश काढला होता. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्रू जॉन्सन यांनी तो फिरवून बहुतेक जमिनी पूर्वीच्या मळेवाल्यांना परत केल्या. मुक्त गुलामांच्या बचतीसाठी स्थापन झालेली फ्रीडमन्स बँक १८७४ मध्ये बुडाली. परिणामी बहुसंख्य कुटुंबे बटाईने शेती करू लागली आणि पिकावरील आगाऊ कर्जात कायमची अडकली. तरीही १९२० पर्यंत देशात सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. मात्र त्यांतील बहुसंख्य कुळे वा बटाईदार होते.

इटालियनांचे मोठे स्थलांतर १८८० ते १९२० या काळात झाले. या चाळीस वर्षांत सु. ४० लाख इटालियन अमेरिकेत आले व त्यांपैकी बहुसंख्य द. इटली आणि सिसिली येथील शेतमजूर व छोटे शेतकरी होते. जमिनीची टंचाई, कराचा बोजा आणि हिवताप यांना कंटाळून ते निघाले होते. पुष्कळांचा हेतू काही वर्षे काम करून पैसा गाठीला बांधणे व परतणे हा होता आणि फार मोठ्या संख्येने ते परतलेही. ज्यांना अपयश आले किंवा ज्यांचे उद्दिष्ट पूर्ण झाले, त्यांना परतीचा मार्ग खुला होता. कृष्णवर्णीयांना असा मार्ग नव्हता. दोन्ही समाजांची तुलना करताना हा मूलभूत फरक प्रथम लक्षात घ्यावा लागतो.

कायदेशीर दर्जा : इटालियनांना पूर्वग्रहाची झळ पोहोचली नाही असे नाही. न्यू ऑर्लीअन्स येथे पोलीसप्रमुखाच्या खुनाच्या खटल्यानंतर १४ मार्च १८९१ रोजी जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियनांची हत्या केली. शहराच्या महापौरांनी त्याबद्दल २०१९ मध्ये अधिकृत माफी मागितली. डिलिंगहॅम आयोगाने (१९०७–११) उत्तर व दक्षिण इटालियनांची स्वतंत्र वर्गवारी करून दक्षिणेतील लोकांना कमी प्रतीचे मानले. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने इटलीचा वार्षिक वाटा केवळ ३,८४५ वर आणला. साको व व्हान्झेटी या अराजकवाद्यांना १९२७ मध्ये झालेल्या देहदंडामागे वांशिक आकस होता, असे अनेकांचे मत आहे. दुसऱ्या महायुद्धात सु. सहा लाख इटालियन नागरिकांना ऑक्टोबर १९४२ पर्यंत शत्रुराष्ट्रीय म्हणून नोंदणी व निर्बंध सोसावे लागले.

तथापि कायद्याच्या दृष्टीने इटालियन हे पहिल्या दिवसापासून ‘गोरे’ होते. १७९० च्या कायद्यानुसार नागरिकत्व स्वतंत्र गोऱ्या व्यक्तींना मिळत असे आणि इटालियनांना ते मिळण्यात अडचण आली नाही. त्यांना मतदान करता आले, न्यायालयात पंच म्हणून बसता आले, कोणत्याही डब्यातून प्रवास करता आला. थॉमस गुल्येल्मो या इतिहासकाराने शिकागोच्या इटालियनांवरील ग्रंथात (२००३) हा मुद्दा विस्ताराने मांडला आहे. याउलट चौदाव्या व पंधराव्या घटनादुरुस्त्यांनी (१८६८, १८७०) कृष्णवर्णीयांना दिलेले हक्क दक्षिणेतील राज्यांनी १८७७ नंतर क्रमाक्रमाने हिरावून घेतले. मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेपासून मतदानकर व साक्षरतेची कसोटी यांचा वापर करून त्यांना मतदारयादीतून वगळण्यात आले. १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पृथक् व्यवस्थेस मान्यता दिली. टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात जमावाने केलेल्या ४,७४३ हत्यांपैकी ३,४४६ बळी कृष्णवर्णीय होते. १८९१ ची घटना इटालियनांच्या इतिहासातील काळाकुट्ट अपवाद ठरते. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ती दहशतीची नित्य पद्धत होती.

रोजगार : इटालियन मजूर आरंभी ‘पाद्रोने’ म्हणजे मुकादम यांच्यामार्फत रेल्वे, भुयारी मार्ग, बंदरे व इमारती यांच्या कामांवर लागले. स्त्रिया तयार कपड्यांच्या उद्योगात आल्या. १९११ मध्ये न्यूयॉर्क येथील ट्रायँगल कारखान्याच्या आगीत मृत्यू पावलेल्या १४६ कामगारांत ज्यू व इटालियन मुली बहुसंख्य होत्या. हळूहळू गवंडीकाम, शिवणकाम, केशकर्तन, फळविक्री अशा व्यवसायांत त्यांनी जम बसविला आणि कामगार संघटनांत प्रवेश मिळविला. वडील ज्या संघटनेचे सदस्य, तिच्यामार्फत मुलाला उमेदवारी मिळे. समाजातील भांडवलालाही वाट मिळाली : अमाडेओ जानिनी यांनी १९०४ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे स्थापिलेली बँक ऑफ इटली ही १९३० मध्ये बँक ऑफ अमेरिका झाली.

कृष्णवर्णीयांचे उत्तरेकडील स्थलांतर पहिल्या महायुद्धात युरोपीय मजुरांचा ओघ आटल्यावर वाढले. १९१० मध्ये त्यांच्यापैकी सु. नव्वद टक्के लोक दक्षिणेत होते. १९७० पर्यंत सु. साठ लाख लोकांनी दक्षिण सोडली. पोलाद व मांस-उद्योगांत त्यांना काम मिळाले, परंतु अनेक कुशल कामगार-संघटनांची दारे त्यांना बंद होती. संपाच्या काळात कामावर घ्यायचे व एरवी दूर ठेवायचे, या धोरणामुळे गोऱ्या कामगारांचा रोष त्यांच्यावरच ओढवला. ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये शयनयान-सेवकांची संघटना उभारली व त्यांच्या दबावामुळे १९४१ मध्ये संरक्षण उद्योगांतील भेदभावास मनाई करणारा आदेश निघाला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून मात्र शेतमजूर व घरकामगार वगळले गेले होते आणि कृष्णवर्णीय श्रमिकांचा फार मोठा भाग याच दोन वर्गांत मोडत होता. १९६० नंतर कायद्याची बंधने गळून पडू लागली, त्याच सुमारास जुन्या शहरांतील कारखाने बंद पडू लागले. ज्या शिडीने इटालियन वर चढले, ती कृष्णवर्णीयांच्या हाती आली तेव्हा तिच्या खालच्या पायऱ्या मोडल्या होत्या. विल्यम ज्यूलिअस विल्सन या समाजशास्त्रज्ञाने शहरी दारिद्र्याच्या मीमांसेत या बदलास मध्यवर्ती स्थान दिले आहे.

शिक्षण : इटालियन शिक्षणप्रिय होते म्हणून पुढे गेले, असे सर्रास मानले जाते, वस्तुस्थिती तशी नव्हती. शतकाच्या आरंभी येणाऱ्या द. इटालियनांपैकी निम्म्याहून अधिक प्रौढ निरक्षर होते. मुलांनी लवकर कमवू लागावे अशी पालकांची अपेक्षा असे आणि शाळा सोडण्याचे प्रमाण मोठे होते. पूर्व हार्लेममधील बेंजामिन फ्रँक्लिन विद्यालयाचे (स्थापना १९३४) प्रमुख लेनर्ड कोव्हेलो यांनी आयुष्यभर याच समस्येवर काम केले. याउलट कृष्णवर्णीयांतील निरक्षरता १८८० मध्ये सु. ७० टक्के होती, ती १९१० मध्ये सु. ३० टक्क्यांवर आली. फिस्क (१८६६), हॉवर्ड (१८६७), टस्कीगी (१८८१) या संस्थांनी त्यास हातभार लावला. स्टॅन्ली लीबरसन यांनी अ पीस ऑफ द पाय (१९८०) या ग्रंथात दाखविले की, उत्तरेकडील कृष्णवर्णीयांची शैक्षणिक स्थिती शतकाच्या आरंभी दक्षिण व पूर्व युरोपीय स्थलांतरितांच्या तुलनेत वाईट नव्हती; अंतर नंतर पडत गेले. शिकलेल्यास शिक्षणाजोगे काम मिळत नसेल, तर शिक्षणाचे फळ पुढच्या पिढीपर्यंत पोहोचत नाही.

वस्ती व मालमत्ता : आजचे अंतर सर्वाधिक दिसते ते संपत्तीत आणि त्याचे मूळ घरांच्या इतिहासात आहे. ‘लिटल इटली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांत इतर समाजांचे लोकही राहत आणि दुसरी-तिसरी पिढी तेथून सहज बाहेर पडे. कृष्णवर्णीयांची वस्ती मात्र १९१० नंतर अधिकाधिक एकाकी होत गेली. घर विकताना ते कृष्णवर्णीयास न देण्याचे करार प्रचलित होते. न्यायालयांनी ते अंमलात आणू नयेत, असा निर्णय १९४८ मध्ये झाला. १९३० नंतर संघशासनाच्या गृहकर्ज संस्थांनी शहरांच्या विभागांची प्रतवारी केली. तीत इटालियन वस्तीही कमी दर्जाची धरली जाई. परंतु कृष्णवर्णीय वस्त्या जवळजवळ सर्वत्र सर्वांत खालच्या, लाल रंगाच्या वर्गात टाकल्या जात. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना घर व शिक्षण यांसाठी साहाय्य मिळाले. त्याच्या बळावर हजारो इटालियन कुटुंबे उपनगरांत गेली. कृष्णवर्णीय सैनिकांना तोच कायदा लागू असूनही कर्ज देणे स्थानिक बँकांच्या हाती होते : मिसिसिपीतील तेरा शहरांच्या १९४७ मधील पाहणीत ३,२२९ कर्जांपैकी फक्त दोन कृष्णवर्णीयांना मिळाल्याचे आढळले. लेव्हिटटाउनसारख्या नव्या वसाहतींत त्यांना प्रवेशच नव्हता. गृहनिर्माणातील भेदभावास १९६८ मध्ये बंदी आली, तोवर एका पिढीची मूल्यवृद्धी होऊन गेली होती. शहर-नूतनीकरणाचा फटका इटालियनांनाही बसला. बॉस्टनच्या वेस्ट एंड विभागाची वाताहत हर्बर्ट गॅन्स यांनी १९६२ मध्ये नोंदविली. परंतु तेथून निघालेल्यांना अन्यत्र घर मिळू शकत होते.

सामाजिक व राजकीय स्थान : फिओरेल्लो ला ग्वार्डिया हे १९३४ ते १९४५ या काळात न्यूयॉर्कचे महापौर होते. १९८६ मध्ये अँटोनिन स्कालिया सर्वोच्च न्यायालयात, तर २००७ मध्ये नॅन्सी पेलोसी प्रतिनिधिगृहाच्या सभापतिपदी आल्या. कृष्णवर्णीयांना मतदानाचा प्रत्यक्ष हक्क १९६५ च्या कायद्याने मिळाल्यावर त्यांची राजकीय प्रगती वेगाने झाली. थर्गुड मार्शल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९७० मध्ये न्यूअर्क येथे केनेथ गिब्सन यांनी इटालियन वंशाचे महापौर ह्यू ॲडोनिझिओ यांचा पराभव केला. बराक ओबामा २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष निवडून आले. म्हणजे राजकीय पदे मिळूनही आर्थिक अंतर आपोआप मिटत नाही, असे दिसते. विवाहसंबंधांचे चित्र अधिक बोलके आहे : तिसऱ्या पिढीपासून इटालियनांचे बहुतेक विवाह समाजाबाहेर होऊ लागले व रिचर्ड ॲल्बा यांनी १९८५ मध्ये या समाजाची वेगळी ओळख मावळतीस लागल्याचे म्हटले. कृष्णवर्णीय व गोऱ्यांच्या विवाहावरील बंदी सोळा राज्यांत १९६७ पर्यंत कायम होती.

अलीकडील स्थिती : कृष्णवर्णीयांतील दारिद्र्याचे प्रमाण १९५९ मध्ये ५५ टक्क्यांवर होते, ते २०१९ मध्ये १८·८ टक्क्यांवर आले, एक मोठा मध्यमवर्ग उदयास आला. परंतु बेकारीचे प्रमाण १९५० नंतरच्या बहुतेक काळात गोऱ्यांच्या सु. दुप्पट राहिले. मध्यवर्ती बँकेच्या २०२२ मधील पाहणीनुसार कुटुंबाची मध्यम संपत्ती गोऱ्यांत २,८५,००० डॉ., तर कृष्णवर्णीयांत ४४,९०० डॉ. होती. इटालियन वंशाच्या लोकांचे उत्पन्न व शिक्षण राष्ट्रीय सरासरीहून अधिक आहे. त्यांचा उत्कर्षही वाटतो तितका जुना नाही. न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने १९७६ मध्ये त्यांना अल्पप्रतिनिधित्व असलेला समाज मानून विशेष संधींच्या योजनेत समाविष्ट केले होते.

मीमांसा : थॉमस सोवेल यांनी एथ्निक अमेरिका (१९८१) या ग्रंथात कौशल्ये, कौटुंबिक सवयी व शहरी जीवनाचा कालावधी यांवर भर दिला आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या कृष्णवर्णीयांच्या यशाकडे बोट दाखविले. यावर सूझन मॉडेल यांनी (२००८) दाखविले की, हे यश मुख्यतः देशांतर करणाऱ्यांच्या निवडीतून येते. होतकरू लोकच स्वदेश सोडतात आणि देशांतर्गत स्थलांतर केलेल्या कृष्णवर्णीयांशी तुलना केल्यास अंतर फारसे उरत नाही. १९६५ नंतर आलेल्या सुशिक्षित आफ्रिकींनाही हेच लागू पडते. डग्लस मॅसी व नॅन्सी डेंटन यांनी (१९९३) वस्तीच्या पृथक्करणास निर्णायक कारण मानले. संस्कृतीचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. परंतु इटालियनांची शिक्षणविषयक वृत्ती संधी वाढताच बदलली, हे पाहता वृत्ती ही कारणाइतकीच परिणामही असते. इटालियनांचे कष्ट खरे होते आणि त्यांचे यश दान नव्हते. मात्र त्या कष्टांचे घरात, संघटनेत व शिक्षणात रूपांतर होऊ देणारी दारे त्यांना उघडी होती. कृष्णवर्णीयांच्या कष्टांना ती दीर्घकाळ बंद होती, असा निष्कर्ष उपलब्ध पुराव्यावरून निघतो.

महाराष्ट्राच्या विचारविश्वाशी या इतिहासाचा जुना संबंध आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आपले नाव घेतले. जन्माने लादलेला दर्जा कायद्याने संपला, तरी त्याचे आर्थिक ओझे किती पिढ्या टिकते, हा प्रश्न दोन्ही देशांना समान आहे.