आधी ब्रेक, मग इंजिन

गेल्या दिवाळीनंतरच्या एका सकाळी आमच्या कडेगावात एक जुनी मोटार आली. आली म्हणजे चालत आली नाही, टेम्पोवर बसून आली. चारी टायर बसलेले, दिव्यांच्या काचेवर कोळ्याची जाळी, मागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार. गल्लीतली पोरं गोळा झाली. शेजारचे मामा कट्ट्यावरून उठून आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, ‘कवीसाहेब, लोक भंगार विकत्यात. तुम्ही इकत आणलं व्हय?’

गाडी होती प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालची. कराडजवळच्या एका वाड्यात ती बारा वर्षं गोठ्याशेजारी उभी होती. मी तिला का आणली, हे मामांना सांगायची गरज नव्हती. आमचे अब्बा दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी चोवीस वर्षं मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी चालवली. कुर्ल्यात गाववाल्यांच्या खोलीत राहिले, दिवसपाळी-रात्रपाळी केली, आणि त्यातल्या एकाही दिवशी टॅक्सी त्यांच्या मालकीची नव्हती. आता वय चौऱ्याऐंशी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही नीटसं दिसत नाही. त्यांनी हात पुढं करून बॉनेट चाचपलं आणि एकच शब्द बोलले, ‘फियाट.’

पुष्कळ जण आजही या गाडीला फियाटच म्हणतात, आणि ते चूक नाही. तिचा मूळ नकाशा इटलीचा. पण ती आपल्याकडे कशी आली, याची गोष्ट सोलापुरातून सुरू होते. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. जन्म १८८२ चा. रेल्वेची कंत्राटं घेता घेता त्यांनी मोठी स्वप्नं पाहिली. १९१९ साली सिंधिया ही जहाज कंपनी उभारण्यात पुढाकार घेतला, १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना काढला. मोटारीचा कारखानाही त्यांना महायुद्धाच्या काळातच काढायचा होता, पण इंग्रज सरकारनं दाद दिली नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. सुरुवातीला तिथं अमेरिकन डॉज आणि प्लायमाउथ गाड्या जुळवल्या जात. नंतर फियाटशी करार झाला. १९५३ साली वालचंद गेले. आपल्या सांगलीतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ पासून त्यांचंच नाव आहे. तिथं शिकलेल्या किती जणांना ठाऊक असेल की, बापाच्या वेळची ती फियाटही याच माणसाच्या खटपटीतून आली?

१९६४ साली फियाट अकराशे डिलाइट हे मॉडेल आलं. हीच गाडी पुढं नावं बदलत राहिली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ती प्रेसिडेंट झाली आणि १९७४ च्या सुमारास पद्मिनी. १०८९ सीसीचं छोटं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर, पुढं लांबलचक सीट. तेव्हा बाजारात निवड म्हणजे अँबॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड. परदेशी गाड्यांना बंदी आणि देशी गाड्या मोजक्या, त्यामुळं पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट पाहायची. लोक मुलीचं लग्न ठरलं की फियाट बुक करत आणि नातवाच्या बारशाला ती दारात येई, असा विनोद तेव्हा करत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि हे चित्र पालटलं. पद्मिनी मात्र त्यानंतरही बरीच वर्षं बनत राहिली.

हा इतिहास मी मोठ्या उत्साहानं विट्याच्या मिस्त्रींना सांगितला. मिस्त्री सत्तरीचे. त्यांचे वडील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात मोल्डर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ब्रेक बघितला का?’

मी म्हटलं, ‘मिस्त्री, आधी इंजिन चालू करू या की. अब्बांना आवाज ऐकायचाय.’

ते हसले. म्हणाले, ‘तुमच्या कडेगावात ताबूत कसं बांधतात?’

आमचं कडेगाव मोहरमच्या उंच ताबुतांसाठी ओळखलं जातं. बांबू, सुतळी, चिकणमाती आणि रंगीत कागद एवढ्याच सामानातून ते उभे राहतात. त्यातले कित्येक ताबूत हिंदू घरांचे आहेत. आणि त्यांची रीत जगावेगळी. आधी कळस, मग पाया. सगळ्यात वरचा मजला पहिल्यांदा बांधायचा, तो उचलायचा, त्याखाली दुसरा जोडायचा, असं करत खाली यायचं. मी हे सांगितल्यावर मिस्त्री म्हणाले, ‘तसंच तुम्ही गाडीचं कराया निघालाय. गाडी उलटी असती. आधी थांबली पायजे, मग वळली पायजे, मग चालली पायजे. रंग सगळ्यात शेवटी.’

मला हे पटलं, पण धीर नव्हता. मिस्त्री सामान आणायला कोल्हापूरला गेले त्या संध्याकाळी मी चाकाखालचे दगड काढले. गाडी अंगणात जरा पुढं घ्यावी, धुवावी, एवढाच विचार. आमच्या अंगणाला रस्त्याकडं उतार आहे, हे मला पन्नास वर्षं ठाऊक आहे. तरीही दगड काढले. गाडी हलली. मी आत उडी मारून ब्रेकवर पाय दिला, तर पाय थेट तळाला. हँडब्रेक ओढला, तो सैल दोरीसारखा हातात आला. समोर रस्त्यावर पोरं गोट्या खेळत होती. बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात पुढचं चाक रुतलं म्हणून गाडी थांबली. पोरं आणि गाडी यांच्यात पाच-सहा हातांचं अंतर उरलं होतं.

त्या रात्री मी जेवलो नाही. अब्बांनी काही विचारलं नाही. झोपताना आमच्या घरच्या बोलीत एवढंच म्हणाले, ‘रुकी तो गाडी, नै तो डब्बा.’

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी चारी चाकं उतरवली आणि मला शेजारी बसवून घेतलं. पायानं पेडल दाबलं की मुख्य सिलिंडरमधलं तेल नळ्यांतून चाकांपर्यंत जोर नेतं. तिथले छोटे सिलिंडर ब्रेकचे पट्टे ड्रमवर दाबतात आणि चाक थांबतं. पण ब्रेकचं तेल हवेतला ओलावा पितं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की त्या ओलाव्यानं सिलिंडर आतून गंजतात, रबरं कडक होतात, नळ्या फुगतात. म्हणजे उभी गाडी झिजत नाही, हा आपला समज खोटा. चालणारी गाडी झिजते, उभी गाडी सडते.

सगळी रबरं नवी घातली, नळ्या बदलल्या, नवं तेल भरलं. मग तेलात अडकलेली हवा काढायची. मी सीटवर, मिस्त्री चाकाखाली. ‘दाबा... धरा... सोडा.’ सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारी चाकांना हे केलं. तासाभरानं पेडल पायाखाली घट्ट लागलं. खरं सांगतो, पहिली कविता छापून आली तेव्हासुद्धा मला एवढं हायसं वाटलं नव्हतं.

मग टायर. वरून नक्षी शाबूत दिसत होती, पण टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते वाचल्यावर कळलं की, ही रबरं माझ्या थोरल्या मुलाच्या कॉलेजच्या दिवसांतली आहेत. बदलली. मग स्टिअरिंगचे सांधे, मागचे पाटे, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी.

इंजिनाचा नंबर दीड महिन्यानं लागला. तेही किल्ली फिरवून नाही. प्लग काढून आत थोडं थोडं तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी हातानं इंजिन फिरवून पाहिलं. ते फिरलं. टाकी खाली काढली, तर तळाशी गंज आणि जुन्या पेट्रोलचा चिकट थर. टाकी धुतली, कार्ब्युरेटर खोलून साफ केला. पेट्रोलची सगळी रबरं मिस्त्रींनी आठवणीनं बदलली. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या काळच्या रबराला ते सोसत नाही. गंमत बघा, इथेनॉल आपल्याच उसाचं आणि दुखणं आपल्याच गाडीला!

पाण्याच्या पंपाचा एक भाग मात्र कुठं मिळेना. मिस्त्री म्हणाले, ‘मिळत न्हाई ते करायचं.’ कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी तो लेथवर करून घेतला. जुना झिजलेला भाग हाच नकाशा.

मला वाटतं, आपल्या या भागाचा खरा इतिहास या एका वाक्यात आहे. मिळत नाही ते करायचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानापासून. १९१० साली ते कुंडल स्टेशनाजवळच्या उजाड माळावर आले, औंधच्या राजांनी जागा दिली आणि तिथं लोखंडी नांगर घडू लागले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांना चित्रपट काढायचा होता आणि कॅमेरा नव्हता. त्यांनी तो १९१८ साली इथंच बनवला. ही नावं पुस्तकांत आली. पण त्यांच्यामागं असलेल्या हजारो मिस्त्रींची, मोल्डरांची, टर्नरांची नावं कुठं लिहिली गेली नाहीत. त्यांची विद्या हातातून हातात आली. आमच्या मिस्त्रींचा मुलगा पुण्यात संगणकावर काम करतो. त्याचं चांगलं चाललंय, याचा मिस्त्रींना अभिमान आहे. मात्र कार्ब्युरेटरला कान लावून हवा-पेट्रोलचं माप जुळवणं ते आता कुणाला शिकवणार, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो मला पडला.

यांत्रिक कामापाठोपाठ कागदांचं काम. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, आणि पुढंही दर पाच वर्षांनी. पर्यावरण कर, विमा, धुराचं प्रमाणपत्र, नाव बदलणं, सगळं रीतसर केलं. २०२१ साली केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पण त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली असावी लागतात. म्हणजे आमची पद्मिनी सरकारी हिशेबात अजून विंटेज नाही, नुसतीच म्हातारी आहे. माझ्यासारखीच.

आणि हे नाव, पद्मिनी. मी कवी, तेव्हा यावर दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. चितोडला अलाउद्दीन खिलजीचा वेढा पडला १३०३ साली. पण राणी पद्मिनीची कथा घरोघर पोचली ती त्यानंतर सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळानं, १५४० साली रचलेल्या ‘पद्मावत’ या काव्यातून. ते अवधी भाषेत लिहिलं मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीनं. म्हणजे एका मुसलमान कवीनं लोकभाषेत अजरामर केलेली राजपूत राणी, तिचं नाव सोलापूरच्या जैन उद्योगपतीच्या कारखान्यात इटालियन गाडीला मिळालं आणि ती गाडी कडेगावच्या टॅक्सीवाल्यानं मुंबईत चालवली. या देशाचा इतिहास निरनिराळ्या खोक्यांत भरता येत नाही, तो असा.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची निवृत्त झाली. ती बातमी मी अब्बांना वाचून दाखवली होती. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘अच्छी थी.’ माणूस गेल्यावर म्हणतात तसं. गाडी शोधायला मी त्याच आठवड्यात लागलो होतो.

फाल्गुनातल्या एका सकाळी इंजिन सुरू झालं. मिस्त्री गाडी घेऊन आमच्या दारात आले. अब्बा बाहेर आले, बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले. डोळे मिटलेले. मग म्हणाले, ‘तिसऱ्याचं टॅपेट वाजतंय.’ मिस्त्रींनी कान लावला, माझ्याकडं पाहिलं आणि पिशवीतून पाना काढला. दोन म्हातारे पाऊण तास त्या इंजिनावर वाकून राहिले. मी चहा आणून देण्यापलीकडं कशाच्याही उपयोगाचा नव्हतो.

मग आम्ही निघालो. मी चालवत होतो, अब्बा शेजारी. कडेगावाबाहेर विट्याच्या रस्त्याला लागलो. बाजूच्या शेतातून उसानं भरलेली ट्रॉली अचानक रस्त्यावर आली. मी ब्रेक दाबला. गाडी न डगमगता, सरळ रेषेत थांबली. ट्रॉली हळूहळू पुढं निघून गेली.

अब्बांचा उजवा पाय माझ्याबरोबरच खाली दाबला गेला होता. तिथं पेडल नव्हतं. चोवीस वर्षांची सवय होती. त्यांनी पाय सैल केला आणि म्हणाले, ‘आता गाडी झाली. चल.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)