छत्री धरवून हिंडणारे वैद्य

दुखणे आले म्हणजे मनुष्य गुण पाहतो. औषध देणाराचा धर्म पाहत बसत नाही. राज्यकर्त्यांस हे ठाऊक नसते असे नाही, पण कायद्यात लिहिताना त्यांची लेखणी अडखळते. गोव्याचा जुना इतिहास चाळताना आम्हांस लढायांपेक्षा याच एका प्रकरणाचे अधिक नवल वाटत आले आहे. तो आमच्या वकिली पेशाचा दोष समजावा.

१५६७ साली गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने, ख्रिस्ती लोकांनी हिंदू वैद्यांस व सुइणींस बोलावू नये, असा निर्बंध घातला. पुढे १५८३ मध्ये लिन्स्कोटेन नावाचा डच गृहस्थ आर्चबिशपच्या पदरी नोकरीस आला. त्याने काय पाहिले? हिंदू वैद्य डोक्यावर छत्री धरवून रस्त्याने चालतात, हा मान इतर हिंदूंत परराज्यांच्या वकिलांना (ते वकील म्हणजे राजदूत, आमच्यासारखे नव्हेत!) आणि काही सधन व्यापाऱ्यांनाच. खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठांतले पाद्री आपल्या देशबांधवांपेक्षा या वैद्यांवरच अधिक भरवसा ठेवतात, असे तो लिहितो. निर्बंध घालणाऱ्यांच्याच घरी निर्बंधाची ही अवस्था!

शेवटी १६१८ साली नगरसभेने दुसरी वाट धरली. परीक्षा दिल्यावाचून कोणी वैद्यकी करू नये आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसच्या वर जाऊ नये, असे ठरले. संख्येचे बंधन उघड पक्षपाताचे होते. परीक्षेचे तत्त्व मात्र आम्हांस मान्य आहे. अडचण एवढीच की परीक्षा घेणार पोर्तुगीज मुख्य वैद्य आणि देणार चरक-वाग्भटांच्या परंपरेत वाढलेला माणूस. जी विद्या परीक्षकाने अभ्यासिली नाही, तिच्यात त्याने गुण कसे द्यावेत?

अशी परीक्षा हवी होती याचा पुरावा गोव्यातच छापलेल्या एका ग्रंथात सापडतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली येथील औषधींवर संवादरूप ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ज्या घातकी रोगाचे वर्णन आहे, त्याला तो आपल्याच 'मोडशी' शब्दाच्या अपभ्रंशाने ओळखतो; आपण आज त्यास पटकी म्हणतो. देशी वैद्यांचा उपचार तो सांगतो तो असा : मिरी-जिरे घातलेली तांदळाची पेज पाजावी, पायांना डाग द्यावेत, डोळ्यांत पिंपळी घालावी. वाचकहो, एकाच रोग्याच्या उशाशी ही तिन्ही होती. पटकीत माणूस दगावतो तो मुख्यतः अंगातले पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. तेव्हा पेज पाजणे हे योग्य दिशेचे पाऊल होते. तांदळाच्या पिठापासून केलेले जलसंजीवनीचे मिश्रण आधुनिक वैद्यकानेही तपासून स्वीकारले आहे. डागण्या आणि पिंपळी ही मात्र मरणाराला दिलेली निव्वळ यातना. परंपरा तिघांनाही सारखीच प्राचीन म्हणेल. निवड करणार ती कसोटीच. आणि युरोपीय वैद्यही त्या काळी रक्त काढून रोग्यास अधिक दुबळे करीत होते, हेही विसरू नये.

जाणत्याला जाणता म्हणून विचारले म्हणजे काय होते, हे कोचीनमध्ये दिसले. तेथील डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांच्या ग्रंथासाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांस हाताशी धरले. १६७५ साली त्यांनी दिलेले प्रशस्तिपत्र कोंकणी भाषेत व नागरी लिपीत आहे, आणि १६७८ च्या पहिल्या खंडात ते तसेच उमटले आहे. पुढे लिनिअसनेही या ग्रंथाचा आधार घेतला.

आपल्या काळातल्या कायद्याने वैद्यांची नोंदणी केली. मुंबई इलाख्यात ती १९३८ च्या कायद्याने आली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टराने तापाच्या रोग्यास ॲलोपॅथीची औषधे दिली होती, आणि रोगी दगावला. होमिओपॅथी खरी की खोटी, या वादात न्यायालय शिरले नाही. जी पद्धती आपण शिकलो नाही तिने उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे ठरवून त्याने मृताच्या पत्नीस तीन लाख रुपयांची भरपाई देवविली.