नळदुर्ग : तटाच्या आतले आणि बाहेरचे

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास तो उभा राहिला. पावसाळ्यात सांडव्यांवरून, म्हणजे लोकांच्या बोलीतल्या नर-मादीवरून, पाणी कोसळते आणि आतला माणूस कोरडा राहतो. उद्या नदी वळवली, तर महालाचा एकही चिरा न ढळता पाणीमहाल नाहीसा होईल. वास्तू आपल्या परिसरासह जगते, ती अशी.

किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. परंतु १९६०चा राज्याचा पुरातत्त्व कायदा नाव घेऊन घोषित केलेल्या स्मारकांपुरता बोलतो. नळदुर्गाचा इतिहास मात्र तटापाशी थांबत नाही. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) लिहिणारा मेडोज टेलर १८५३नंतर येथे अधिकारी होता. तेव्हा जिल्ह्याला नावही नळदुर्गाचेच होते. मुख्यालय धाराशिवला गेले ते पुढे. कारभाराच्या या गावात पेठ वसते, वाडे उभे राहतात, वेशी बांधल्या जातात. त्यांतला एखादा वाडा राष्ट्रीय महत्त्वाचा नसेल. म्हणून तो गावाच्याही महत्त्वाचा नाही काय?

मुंबईने १९९५च्या वारसा नियमावलीत यावर एक उत्तर शोधले. तेथे वास्तूंच्या श्रेणी ठरल्या आणि केवळ गल्लीचे रूप राखणाऱ्या घरांनाही तिसऱ्या श्रेणीत जागा मिळाली. लहान नगरपरिषदांनाही हा मार्ग बंद नाही. १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते.

अडचण निराळीच आहे. मुंबईत वारसा घराच्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क मिळतो आणि त्याला तेथे गिऱ्हाईकही आहे. नळदुर्गात असा हक्क विकत कोण घेणार? मालकाला नुसती बंधने घातली, तर यादी प्रसिद्ध होण्याआधीच वाडा पाडला जाईल. म्हणून यादीबरोबरच घरपट्टीत सवलत आणि दुरुस्तीला अनुदान यायला हवे, असे आम्हांस वाटते. एकट्या मालकाच्या खर्चाने साऱ्या गावाचा वारसा टिकावा, ही अपेक्षा न्याय्य नव्हे.