एकतीस वर्षांचं आयुष्य आणि एकोणऐंशी वर्षांचं आयुष्य

आज आपण दोन गायक नटांबद्दल बोलणार आहोत. दोघेही आपल्या संगीत रंगभूमीचे आणि एकाच काळातले. त्यातले केशवराव भोसले एकतिसाव्या वर्षी गेले, तर बालगंधर्व एकोणऐंशी वर्षं जगले. कलावंत ऐन उमेदीत गेला की त्याचं नाव कसं राहतं आणि म्हातारा झाला की लोक त्याच्याबद्दल काय बोलतात, हे या दोघांकडे पाहिलं की कळतं.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरची गरिबी होती. अगदी लहानपणीच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी बायकांची कामं पुरुषच करत. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीचं, म्हणजे 'शारदा' नाटकातल्या शारदेचं काम या मुलानं केलं आणि त्याचं नाव झालं. १९०८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी हुबळीला स्वतःची 'ललितकलादर्श' मंडळी काढली. हुंड्याच्या प्रश्नावरचं मामा वरेरकरांचं 'हाच मुलाचा बाप' हे नाटक याच मंडळीनं रंगभूमीवर आणलं. आपण गटाच्या बैठकीत ज्यावर बोलतो, ते शंभर वर्षांपूर्वी रंगमंचावरून बोललं जात होतं.

बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, केशवरावांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. त्यांची भामिनी, त्यांची रुक्मिणी बघायला गाड्या जुंपून लोक यायचे. त्यांच्यासारखं नेसावं, त्यांच्यासारखा गजरा माळावा, असं शहरातल्या बायकांना वाटायचं.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत हे दोघे एकाच रंगमंचावर आले. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही कंपन्यांनी मिळून 'मानापमान'चा प्रयोग केला. भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवरावांचा. तो 'संयुक्त मानापमान' म्हणून आजही सांगितला जातो. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वरानं केशवराव गेले.

इथून पुढे दोघांच्या नावाच्या वाटा वेगळ्या झाल्या.

केशवरावांचं खातं भरल्या शिलकीवर बंद झालं. त्यांचा आवाज थकलेला कुणी ऐकला नाही आणि त्यांची कंपनी बुडालेली कुणी पाहिली नाही. ते 'संगीतसूर्य' झाले आणि तो सूर्य माध्यान्हीलाच राहिला. अजून जगले असते तर कुठल्या कुठे गेले असते, असं लोक म्हणतात. म्हणणं खोटं नाही, पण ते पडताळताही येत नाही. आपल्याकडे म्हणतातच ना, मेल्या म्हशीला मणभर दूध! यात केशवरावांचं मोठेपण कमी करायचं नाही. ते खरंच मोठे होते. पण घडलेल्या गोष्टींत न घडलेल्या गोष्टीही आपण मिळवतो, एवढंच आमचं म्हणणं.

बालगंधर्वांच्या पासबुकात मात्र सगळ्या नोंदी आहेत. कंपनीवर डोंगराएवढं कर्ज झालं, ते त्यांनी वर्षानुवर्षं गाऊन फेडलं. बोलपट आले आणि नाटक कंपन्या मोडायला लागल्या. १९३५ मध्ये 'धर्मात्मा' चित्रपटात त्यांनी संत एकनाथांचं काम केलं, पण तिथं मन रमलं नाही. ते पुन्हा रंगभूमीवर आले. वय झालं, शरीर सुटलं, पुढे पाय अधू झाले, तरी ते गात राहिले. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. पण त्यांच्या उतारवयाबद्दल बोलताना बरेच जण एकच वाक्य बोलतात, "आधीचे बालगंधर्व राहिले नव्हते." म्हातारा होणं हा जणू गुन्हाच!

आणि या गुन्ह्याची शिक्षा कुणाला झाली? गोहरबाई कर्नाटकींना. विजापूरकडच्या या गायिकेनं त्यांचं गाणं गळ्यात उतरवलं होतं. पुढे त्या त्यांच्या कंपनीत आल्या, नायिकेची कामं करू लागल्या आणि १९६४ मध्ये जाईपर्यंत त्यांच्या सोबत राहिल्या. रसिकांनी मात्र त्यांना कधी मनापासून आपलं म्हटलं नाही. बोलपटांनी नाटकाचा धंदा बसवला, कर्ज आधीपासून होतं, वय कुणासाठी थांबत नाही. तरी ऱ्हासाचं खापर बाईच्या डोक्यावर फुटलं. मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. घर चाललं तर पुरुषाचं कर्तृत्व आणि बसलं तर बाईचा पायगुण!

आता दुसरी बाजू. तरुण गेलं की नाव आपोआप टिकतं, असंही नाही. केशवरावांमागे बापूराव पेंढारकरांनी आणि नंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी ललितकलादर्श चालवली, म्हणून ते नाव तोंडोतोंडी राहिलं. मास्टर दीनानाथ मंगेशकर १९४२ मध्ये पुण्यात गेले, तेव्हा एकेचाळीस वर्षांचे होते. कंपनीचं वैभव आधीच ओसरलं होतं. मागे पत्नी आणि पाच मुलं. थोरली लता तेव्हा बारा वर्षांची. ती चित्रपटात काम करायला लागली आणि घर उभं राहिलं. वडिलांचं नाव पुढच्या पिढ्यांना कळलं ते या मुलांच्या गाण्यामुळे. लोकांना अकाली मृत्यूची हळहळ वाटते, पण त्या घरातल्या बाईला दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची असते.

कोल्हापूरच्या नाट्यगृहाला केशवरावांचं नाव आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळालं, तेव्हा शहर हळहळलं. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसावरचं ते प्रेम खरं होतं. आमचं मागणं इतकंच, की तेवढंच प्रेम जिवंत आणि थकलेल्या कलावंतालाही मिळावं.

आपल्या गावातही असं कुणीतरी असतंच. एके काळी भजनी मंडळात जिचा आवाज वेशीपर्यंत जायचा, जात्यावरच्या ओव्या जिला शेकड्यानं पाठ होत्या, अशी एखादी आजी. आता तिचा आवाज कापतो, म्हणून कुणी गायला सांगत नाही. गटाच्या पुढच्या बैठकीला तिला बोलवा. तिला आठवतं ते गाऊ द्या, एखादीच्या फोनवर साठवून ठेवा आणि खाली तिचं नाव, वय, गाव लिहा. मध्ये विसरली तर थांबा. तिला आठवेल.